‘परत चालव, हिरवी होईल’: टीममधल्या नकोशा कामांचं एक प्रकरण

आमच्या टीममध्ये एक वाक्य दिवसातून चार-पाचदा कानावर पडायचं: "परत चालव, हिरवी होईल."

बिल्ड लाल झाली की हे वाक्य यायचं. कोणीही कोडमध्ये बदल केला की सर्व्हरवर सगळ्या टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम, आपोआप चालायच्या. अशा एका फेरीला आम्ही बिल्ड म्हणायचो. सगळ्या पास झाल्या तर बिल्ड हिरवी, एक जरी पडली तर लाल, आणि लाल असेल तर बदल पुढे सरकत नसे. पण आमच्या बऱ्याचशा लाल बिल्डमागे खरी चूक नसायचीच. तोच कोड, एक अक्षरही न बदलता पुन्हा चालवला की हिरवा. मग शोधत कोण बसणार? बटण दाबायचं, वीस मिनिटं थांबायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

पुढच्या साधारण दीड वर्षात मी अशी कोणालाच नको असलेली कामं एकामागून एक अंगावर घेतली. त्यातल्या पहिल्या कामानं टीमचं आणि माझंही भलं झालं. नंतरच्या कामांनी दोघांचंही नुकसान केलं. काम तेवढंच कंटाळवाणं, करणारी मीच, हेतूही तोच. तरी फरक पडला. तो कुठे पडला हे समजायला मला वेळ लागला, म्हणून सगळं क्रमानं सांगते.

आम्ही आठ जण. ऑर्डर घेणं, त्यांची बिलं काढणं आणि ती हिशेब विभागाकडे पाठवणं हे आमच्या सॉफ्टवेअरचं काम. मी ना नवखी होते ना ज्येष्ठ. प्रत्येकाच्या नावावर बोर्डावर कामं लावलेली असायची आणि दर दोन आठवड्यांनी त्यांचा हिशेब व्हायचा. बोर्डावर नसलेली कामंही होती: उगाच पडणाऱ्या टेस्ट, अलर्टचे, म्हणजे बिघाडाचा इशारा देणारे, मेल येणारा सामायिक मेलबॉक्स, सर्टिफिकेटांची (संगणकांच्या ओळखपत्रांची) मुदत संपण्याआधी ती बदलणं, मीटिंगची टिपणं, नव्या माणसाचा लॅपटॉप लावून देणं. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही, तशी ती पडून असायची. वाईट माणसं नव्हती आमच्याकडे. पण बोर्डावरचं काम सोडून या कामात दिवस घालवला तर दोन आठवड्यांनी उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं, हे सगळ्यांना कळत होतं.

पहिलं काम

एका संध्याकाळी माझा दोन ओळींचा बदल तिसऱ्यांदा लाल झाला. वीस-वीस मिनिटांप्रमाणे तासभर मी दोन ओळींसाठी बसून होते. तेव्हा कागदावर एक साधा हिशेब केला. समजा, शंभर टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट उगाच पडण्याची शक्यता फक्त 1 टक्का आहे. तर सगळ्या एका फेरीत पास होण्याची शक्यता 0.99 चा शंभरावा घात, म्हणजे जेमतेम 37 टक्के. एकेक टेस्ट पाहिली तर ‘कधीतरी पडते’ एवढंच वाटतं. सगळ्या मिळून मात्र तीनातल्या दोन फेऱ्या वाया घालवतात. हे आमचंच दुखणं होतं असंही नाही. गूगलनं 2016 मध्ये स्वतःचे आकडे जाहीर केले होते: त्यांच्या जवळजवळ 16 टक्के टेस्ट कमी-जास्त प्रमाणात अशा लहरी होत्या, आणि पास होणारी टेस्ट अचानक पडली असं जेव्हा जेव्हा घडलं, त्यातल्या 84 टक्के वेळा तिथे लहरी टेस्टचाच संबंध होता.

दुसऱ्या दिवशी मी लीडना, म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुखांना, कागद दाखवला आणि म्हटलं, "दोन आठवडे द्या. बोर्डावर माझ्या नावावर दुसरं काही लावू नका." त्यांनी बोर्डावर ‘लाल बिल्ड’ असं एक कार्ड लावलं, त्यावर माझं नाव घातलं आणि माझं आधीचं काम दुसऱ्याकडे दिलं. ही तीन मिनिटांची गोष्ट. तेव्हा ती मला नुसती औपचारिकता वाटली होती.

काम किचकट होतं, पण अवघड नव्हतं. दोन टेस्ट एकाच ग्राहकाची नोंद वापरत होत्या. एक आधी चालली तर दुसरी पास, क्रम उलटला की पडली. काही टेस्ट सिस्टीमच्या एका भागानं दुसऱ्यासाठी रांगेत टाकलेला निरोप पोचण्यासाठी दोन सेकंद थांबायच्या आणि मग तपासायच्या. सर्व्हरवर गर्दी असली की निरोपाला तीन सेकंद लागायचे. अशा टेस्टना ठरावीक सेकंद थांबायला न सांगता ‘निरोप येईपर्यंत थांब, फार तर अर्धा मिनिट’ असं सांगायचं. बहुतेक दुरुस्त्या अशाच पाच-दहा ओळींच्या होत्या.

एक टेस्ट मात्र कशालाच दाद देईना. ती रात्रीच्या बिल्डमध्ये पडायची आणि सकाळी परत चालवली की पास व्हायची. दिवसा मी ती दोनशे वेळा चालवली, एकदाही पडली नाही. शेवटी ती कधी कधी पडली त्या वेळा लॉगमधून, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमधून, काढून एका रकान्यात मांडल्या. सगळ्या मध्यरात्रीनंतरच्या आणि पहाटेच्या आधीच्या. वेळा अशा एकाखाली एक दिसल्यावर कारण समोरच होतं. टेस्ट आजची तारीख स्थानिक वेळेनुसार काढत होती आणि बिल बनवणारा कोड यूटीसीनुसार, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार. आमची स्थानिक वेळ यूटीसीच्या पुढे असल्यामुळे मध्यरात्र उलटल्यावर काही तास आमच्याकडे नवी तारीख लागलेली असते आणि सर्व्हरच्या घड्याळात अजून कालचीच असते.

म्हणजे टेस्ट खरं बोलत होती. मध्यरात्रीनंतरच्या त्या काही तासांत निघालेल्या प्रत्येक बिलावर आदल्या दिवसाची तारीख पडत होती. एरवी एका दिवसाचा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, पण महिन्याच्या पहिल्या रात्रीची बिलं मागच्या महिन्यात जात होती. मी हिशेब विभागात विचारायला गेले. तिथल्या एका अनुभवी बाईंनी शांतपणे सांगितलं, "हो, ती मी दर महिन्याला हातानं काढून पुढच्या महिन्यात टाकते."

"कधीपासून?"

"मी या टेबलावर आले तेव्हापासून."

"पण आम्हाला कळवलं नाही कोणी?"

"मला वाटलं, तुमच्या सिस्टीमचं असंच असतं."

हे संभाषण मी विसरलेले नाही. त्या बाई मनापासून काम करणाऱ्या होत्या. त्यांनी एक नकोसं काम मुकाट्यानं अंगावर घेतलं, चोख केलं, आणि ते इतकं चोख होतं म्हणूनच आमची चूक वर्षानुवर्षं झाकलेली राहिली. तारीख काढणाऱ्या कोडमध्ये मी चार ओळी बदलल्या आणि त्यांचं ते काम संपलं. तेव्हा मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. काही महिन्यांत मीही तेच करत बसणार आहे, हे मात्र त्या दिवशी जराही मनात आलं नाही.

दोन आठवडे संपले. बिल्ड लाल झाली तर आता खरंच काहीतरी बिघडलेलं असायचं. कार्ड बोर्डावर ‘झालं’च्या रकान्यात गेलं आणि लीडनी तारखेची गोष्ट वरच्या मीटिंगमध्ये सांगितली.

दुसरं, तिसरं, चौथं

पुढचं काम मी घेतलं तेव्हा कोणाला विचारलं नाही. गरज वाटली नाही. पहिल्या कामाचं कौतुक झालं होतं, हात साफ झाला होता आणि अलर्टच्या मेलबॉक्सकडे कोणीच बघत नाही हे दिसत होतं.

त्या मेलबॉक्समध्ये रोज साठ-सत्तर मेल यायचे. प्रत्येकानं ते परस्पर एका फोल्डरमध्ये टाकण्याची सोय करून ठेवली होती. यात आळसाचा भाग कमीच होता. रात्री दोन वाजता ‘डिस्क 80 टक्के भरली’ असा मेल यायचा, कारण बॅकअपची तात्पुरती फाइल तेव्हा तयार व्हायची आणि दहा मिनिटांत पुसली जायची. सहा वाजता ‘फाइल आली नाही’ असा मेल यायचा आणि सहा वाजून दहा मिनिटांनी फाइल यायची. रोज खोटं ओरडणाऱ्याकडे माणूस बघणं सोडतो. अमेरिकेत हॉस्पिटलांचं मानांकन करणाऱ्या जॉइंट कमिशननं 2013 मध्ये रुग्णांच्या यंत्रांच्या घंटांबद्दल इशारा दिला होता. अशा घंटांपैकी 85 ते 99 टक्के वेळा कोणी काही करण्याची गरज नसते, आणि म्हणूनच गरज असते तेव्हाही लक्ष जात नाही. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे हे होतं, तर बिलांच्या सॉफ्टवेअरची काय कथा.

मी रोज सकाळी पाऊण तास तो मेलबॉक्स चाळायला लागले. महिन्याभरात मला विषयाच्या ओळीवरून खरा अलर्ट आणि खोटा अलर्ट ओळखता येऊ लागला. दोन महिन्यांत पाऊण तासाची वीस मिनिटं झाली. दोनदा मी खऱ्या बिघाडाची सुरुवात ग्राहकाला कळायच्या आधी पकडली. त्याचा आनंद खरा होता आणि तो मी आजही नाकारत नाही. आपली सिस्टीम कुठे कुठे दुखते हे बोर्डावरची कामं करून कळत नाही, ते अशा मेलबॉक्समध्येच कळतं. आमच्या सॉफ्टवेअरबद्दल मला आज जे काही माहीत आहे, त्यातलं निम्मं मी तिथे शिकले.

मग सर्टिफिकेटं आली, कारण त्यांच्या मुदतीची आठवण करणारे मेल त्याच मेलबॉक्समध्ये यायचे. मग नवी माणसं आली की लॅपटॉप लावून देणं, कारण "तिला सगळं माहीत असतं". मग मीटिंगची टिपणं. टिपणं मी कधी मागून घेतली नव्हती. एकदा लीडनी टेबलाभोवती नजर फिरवली, कोणी बोलेना, ती शांतता मला सहन होईना आणि मी म्हटलं, "मी लिहिते." त्यानंतर कोणी विचारलंच नाही. माझी वही उघडी आहे ना, एवढंच पाहून मीटिंग सुरू व्हायची.

आम्हा आठ जणांत तीन बायका होत्या. टिपणं, नव्यांना बसवणं आणि कोणाच्या तरी निरोप समारंभाचं कार्ड ही तिन्ही कामं आमच्या तिघींतच फिरत होती, हे मला उशिरा दिसलं. या गोष्टीवर लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्दे, लीज वेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट यांचा एक अभ्यास 2017 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. त्यांनी तीन-तीन जणांचे गट केले आणि दोन मिनिटं दिली. त्या वेळात कोणीतरी एकानं बटण दाबायचं. कोणीच दाबलं नाही तर तिघांनाही 1 डॉलर. एकानं दाबलं तर इतर दोघांना 2 डॉलर आणि दाबणाऱ्याला 1.25. म्हणजे कोणीतरी दाबावं हे सगळ्यांना हवं, पण आपण दाबू नये हेही प्रत्येकाला हवं. मिश्र गटांत बायकांनी पुरुषांपेक्षा 48 टक्के जास्त वेळा बटण दाबलं. पण गट फक्त पुरुषांचा किंवा फक्त बायकांचा असला की हा फरक नाहीसा झाला. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर राहण्याची सोय नसली की पुरुषही तेवढेच पुढे येत होते. प्रयोगाच्या दुसऱ्या रूपात एका माणसाला गटातल्या कोणालातरी विनंती करायची मुभा होती. तिथे बायकांना विनंती 44 टक्के जास्त वेळा गेली. होकार बायकांनी 76 टक्के वेळा दिला आणि पुरुषांनी 51 टक्के वेळा. विनंती करणारे पुरुषही होते आणि बायकाही.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की हे स्वभावाचं प्रकरण नाही. आजूबाजूला कोण बसलंय आणि कोणाकडून अपेक्षा आहे, यावरून हात वर जातो. माझ्या लीडना माझं वाईट करायचं नव्हतं आणि मीही कोणाच्या दडपणाखाली नव्हते. तरी ती शांतता दर वेळी माझ्याच दिशेनं यायची.

वर्षाच्या आढाव्याला त्यांनी बोर्ड उघडला. माझ्या नावावरची कार्डं इतरांपेक्षा स्पष्ट कमी होती. "या वर्षी तुझा वेग थोडा कमी वाटला," ते म्हणाले. आवाजात दोष नव्हता, काळजीच होती. मी मेलबॉक्सचं, सर्टिफिकेटांचं, नव्या तिघांचं सांगायला लागले, तर ते खरोखर चकित झाले. "हे सगळं तूच करतेस? मला वाटलं, ते आपोआप चालतंय."

मी दुखावले. पण विचार केल्यावर मला त्यांच्यावर फार वेळ रागावता आलं नाही. ते काम आपोआप चालतंय असं दिसावं, यासाठीच तर मी वर्षभर राबत होते. त्यांनी विचारायला हवं होतं, हे माझं मत आजही कायम आहे. टीममधला एक माणूस रोज सकाळी काय करतो हे लीडला माहीत नसेल, तर ती लीडची चूक आहे. पण सांगायला मीही हवं होतं.

रजा

त्यानंतर दोन महिन्यांनी मी दोन आठवड्यांची रजा घेतली. एका सर्टिफिकेटाची मुदत मी परतणार होते त्यानंतर दोन दिवसांनी संपत होती. आल्यावर करू म्हणून मी ते माझ्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलं. घरच्या कारणानं रजा चार दिवस वाढली आणि ती तारीख माझ्या मनातून गेली.

सर्टिफिकेट म्हणजे दोन संगणक बोलताना समोरचा खरा तोच आहे हे पटवणारं ओळखपत्र. त्यावर मुदत असते. ती संपली की एका सेकंदात बोलणं बंद, आधी गती कमी होणं वगैरे काही नाही. 6 डिसेंबर 2018 ला ब्रिटनमध्ये ओटू कंपनीचं मोबाइल डेटाचं जाळं कोसळलं आणि कोट्यवधी फोन अडले, ते एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या मुदत संपलेल्या सर्टिफिकेटामुळे. 3 फेब्रुवारी 2020 ला मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद पडलं, तेही त्याच कारणानं. एवढ्या मोठ्या ठिकाणी तारीख माहीत असलेला कोणीच नसेल, असं मला वाटत नाही.

आमच्याकडे पैसे जमा झाल्याचे निरोप येणं बंद झालं. आठवणीचे मेल मेलबॉक्समध्ये नियमानं येऊन पडले होते. मी वाचते म्हणून बाकी कोणी वाचत नव्हतं. कारण सापडायलाच टीमला तासाहून जास्त वेळ लागला. मग मला फोन आला.

"नवं सर्टिफिकेट टाकलंय. फाइल बरोबर आहे, तीनदा तपासली. तरी जुनंच दाखवतंय."

"सर्व्हिस परत सुरू केलीस?"

"नाही. करायला लागते?"

करायला लागते. आमची ती सर्व्हिस सुरू होताना सर्टिफिकेट एकदाच वाचते आणि स्मृतीत धरून ठेवते. खालची फाइल बदलली तरी तिला पत्ता नसतो. हे मला आधीच्या वेळी ठेच लागून कळलं होतं आणि मी ते लिहूनही ठेवलं होतं, माझ्याच लॅपटॉपवरच्या एका फाइलमध्ये. सगळं मिळून अडीच तास गेले.

फोन ठेवल्यावर मला हिशेब विभागातल्या त्या बाई आठवल्या.

पाळी

परतल्यावर झालेल्या बैठकीत कोणी कोणावर बोट ठेवलं नाही, याचं श्रेय लीडना. त्यांनी फळ्यावर फक्त एक प्रश्न लिहिला: ‘कोणती कामं बोर्डावर नाहीत?’ मी दहा मिनिटं बोलत होते आणि ते लिहीत होते. यादी संपली तेव्हा बाकीच्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे त्यांनी पहिल्यांदाच एका ठिकाणी पाहिलं. मी आठवड्याचे जवळपास दोन दिवस त्यात घालवत होते.

ठरलं ते असं: आठ जणांनी एकेक आठवडा पाळी घ्यायची. त्या आठवड्यात मेलबॉक्स, सर्टिफिकेटं आणि आलेल्या तक्रारी एवढंच काम. बोर्डावर पाळीचं कार्ड, त्यावर नाव, आणि दुसरं काही लावायचं नाही. टिपणं नावांच्या क्रमानं, लीडसकट. ही कल्पना आमची नव्हती. सर्व्हर सांभाळणाऱ्या गूगलच्या टीममध्ये अशा हातानं करायच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या हमालीवर माणसाच्या वेळेच्या 50 टक्क्यांची मर्यादा घातलेली असते. उरलेला वेळ ती हमाली कमी करणाऱ्या किंवा सॉफ्टवेअरमध्ये भर घालणाऱ्या कामासाठी. हे त्यांनी 2016 मध्ये सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं होतं. आम्ही त्यातली दुसरी बाजू जास्त गंभीरपणे घेतली: जे काम पाळीत दुसऱ्यांदा हातानं करावं लागलं, ते तिसऱ्यांदा करायला लागू नये म्हणून वेळ घालवायचा.

पहिली पाळी टीममधल्या सगळ्यात ज्येष्ठ सहकाऱ्याची आली. तो आधीच म्हणाला होता, "ती वीस मिनिटांत करते. मला तीन तास लागतील. यात कंपनीचा काय फायदा?" प्रश्न योग्य होता आणि त्या आठवड्यात त्याला खरंच रोज तीन तास लागले. मी शेजारी बसून पाहत होते. खरा अलर्ट पाचव्या ओळीवर दिसतोय आणि तो पहिल्या ओळीवरच्या डिस्कच्या मागे लागलाय. सांगितलं असतं तर पाच सेकंदांचं काम. बुधवारी मी एकदा सांगितलंच, आणि लगेच त्यानं पुढचे चार मेलही मलाच विचारले. मग मी जागा बदलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जड गेलं ते हेच. काम अंगावर घेणं सोपं होतं. ते दुसऱ्याच्या हातात वाकडंतिकडं होताना पाहत बसणं कठीण.

शुक्रवारी त्यानं काय केलं ते दाखवलं. डिस्कचा अलर्ट त्यानं असा बदलला होता की जागा पंधरा मिनिटं सलग भरलेली राहिली तरच मेल जाईल. फाइल आली नसल्याची तपासणी सहाऐवजी साडेसहाला नेली होती. असे आणखी पाच. रोजचे साठ-सत्तर मेल होते, ते पुढच्या आठवड्यात दहाच्या आसपास आले.

"माझ्या लक्षातच राहीना कुठला खोटा ते," तो म्हणाला. "म्हणून खोटे बंदच करून टाकले."

मी वर्षभर तो मेलबॉक्स सांभाळला आणि हे मला सुचलं नाही. मला सुचण्याचं कारणच उरलं नव्हतं. खोटा अलर्ट मला क्षणात ओळखता येत होता, त्यामुळे त्याचा त्रास होत नव्हता, आणि त्रास नसल्यामुळे तो तसाच राहिला. मी त्या कामात तरबेज झाले आणि त्यामुळेच ते काम जगलं. त्याला ते जमत नव्हतं, म्हणून त्यानं ते संपवलं. पहिल्या कामाच्या वेळी माझं नेमकं हेच झालं होतं: दोन आठवड्यांनी ते काम आपल्या हातून जाणार हे माहीत होतं, म्हणून मी लाल बिल्डच्या मुळाशी गेले. मेलबॉक्सला शेवटची तारीख नव्हती, म्हणून मी त्याच्याशी जुळवून घेतलं.

आता कोणी नवखा सहकारी विचारतो, "असं एखादं काम पडलेलं दिसलं तर घेऊ का?" तर मी सहसा घे म्हणते. रोज चार माणसांना अडवणारं काम असेल तर नक्कीच घे. त्यातून सिस्टीमची खरी ओळख होते आणि टीमला लगेच श्वास घेता येतो. पण त्याच्या नावाचं कार्ड आधी लाव आणि त्यावर कधी संपणार तेही लिही, असं सांगते. टिपणांसारखं काम, ज्यात शिकण्यासारखं काही नाही आणि जे फक्त शांतता मोडायला घेतलं जातं, ते मी आता घेत नाही. क्रम कोणाचा आहे ते विचारते. पहिल्या दोन वेळा अवघडल्यासारखं झालं, तिसऱ्या वेळी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या वर्षीचा आढावा काही बदलला नाही, वेग कमीच नोंदला गेला. पुढच्या वर्षी पाळीचे आठवडे सगळ्यांच्या नावावर सारखे दिसले आणि अलर्ट कमी केल्याचं काम त्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या नावावर लागलं. ते त्याचंच होतं.

सर्टिफिकेटांचं काम अजून पूर्ण संपलेलं नाही. आमच्याकडे अकरा आहेत. दहा आता आपोआप बदलतात आणि बदलल्यावर सर्व्हिसही आपोआप परत सुरू होते. अकरावं एका भागीदार संस्थेच्या पोर्टलवर हातानंच चढवावं लागतं. पूर्वी सार्वजनिक सर्टिफिकेटाला 398 दिवसांपर्यंत मुदत मिळायची, म्हणजे हे वर्षातून एकदाचं काम होतं. ब्राउझर बनवणाऱ्या आणि सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थांच्या मंचानं एप्रिल 2025 मध्ये ती टप्प्याटप्प्यानं घटवायचं ठरवलं: 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 15 मार्च 2027 पासून 100 आणि 15 मार्च 2029 पासून 47. म्हणजे तेच काम वर्षातून आठ वेळा. भागीदार संस्थेशी बोलणं सुरू आहे. कार्ड बोर्डावर आहे, त्यावर या तिन्ही तारखा लिहिलेल्या आहेत. सर्व्हिस परत सुरू करायची सूचना पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत आहे, आणि पुढच्या पाळीला नाव नव्यानं आलेल्या मुलाचं आहे. त्यानं परवा विचारलं, हे पोर्टलवर हातानं का चढवतो आपण? मी म्हटलं, तू त्यांनाच विचार, नंबर कार्डावर आहे.